काकांचा कॉन्ट्रास्ट

फोटो काढताना गायकवाडकाका डोक्यावरची टोपी काढून लेन्सच्या वर धरत. कॅमेरा स्टँडवर लावलेला, समोर नवरदेव घामाघूम झालेला, आणि काका टोपीची सावली इकडून तिकडे सरकवत बसलेले. "आडवा उजेड आत घुसला की काळं काळं राहत न्हाई, पांढरं पांढरं राहत न्हाई," ते म्हणत.

नगरला त्यांचा स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला आणि त्यावर काम करायला मला ठेवलं. फिकट फोटो स्कॅन करायचा, पडद्यावरची कॉन्ट्रास्टची खूण सरकवायची, की फोटो उठून दिसायचा. मला त्याचं फार कौतुक. काकांना मात्र ते रुचायचं नाही. "सुनंदा, ह्यो वरनं लावलेला कॉन्ट्रास्ट हाय. लेन्सनं जे टिपलंच न्हाई, ते तुजं मशीन कुठनं आननार? निस्ती पावडर अन् काजळ!" मी मान हलवायची. फरक काही कळायचा नाही.

मग एका लग्नसराईत काकाच बदलले. माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "वाढव." मी वाढवायची. "आनखी." चेहरे खडूसारखे पांढरे पडायचे तरी, "आनखी जरा." पावडर आणि काजळ कुठे गेलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सोनईच्या एका लग्नाचा अल्बम असाच गेला. दोन दिवसांत मुलीचे वडील तो घेऊन परत आले. "ही माझी पोरगी हाय का? डोळ्यांच्या जागी भोकं दिसत्यात. अन् माझी आई कुठाय?" सावलीत बसलेली आजी खरोखरच काळ्या डागात बुडाली होती. ते माझ्याकडे वळले. "येत न्हाई तर बसवलीय कशाला हिला?"

मी काकांकडे पाहिलं. अल्बम नाकाला लावून ते म्हणाले, "मला तर अजून फिकाच वाटतोय."

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले. काका अंगणात लेन्स पुसत होते. "जाळं चढलंय, जाईना." मी लेन्स हातात घेऊन आभाळाकडे धरली. पाण्यासारखी स्वच्छ. तोवर काका म्हणाले, "आज धुकं लई पडलंय, नाय?"

एप्रिलची भर दुपार होती. कडुलिंबाची सावली जमिनीवर कापून ठेवल्यासारखी दिसत होती. मी कशाला आले होते तेच विसरले.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टर म्हणाले, आतली लेन्स काढून नवी बसवू. काकांनी लगेच विचारलं, "नव्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट कसा हाय?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी तो अल्बम मागवला. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उतरला. स्वतः सोनईला जाऊन त्यांनी मुलीच्या वडलांना सांगितलं, "कॉम्प्युटरवरच्या पोरीचा दोष न्हाई. माझ्या डोळ्याचा हाय." निगेटिव्हवरून नवा अल्बम केला. त्यात आजीच्या लुगड्याचे काठसुद्धा दिसत होते.

पण काकांचा गोंधळ सुरूच राहिला. एक डोळा झाकायचे, मग दुसरा. "उजव्यानं भिंत निळसर, डाव्यानं पिवळी. खरी कुठली?" एकदा काकू चहा घेऊन आल्या, तेव्हाही तेच केलं. "उजव्यानं म्हातारी झालीस ग. डाव्यानं हाय तशीच हायेस." काकू लटक्या रागानं म्हणाल्या, "मग उजवा झाका की!"

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काकूंनी भांडून पाहिलं, मीही आर्जवं केली. "ऱ्हाऊ द्या एक," एवढंच म्हणायचे. भीती होती, की आणखी काही, मला कळलं नाही.

काही वर्षांनी ते गेले. शेवटच्या दिवसांत काकू उशाशी बसून असत. काका त्यांच्याकडे बघत पडलेले असायचे. कोणत्या डोळ्यानं बघायचे, हे मी नंतर एकदा काकूंना विचारलं.

"मला काय ठाऊक बाई," त्या म्हणाल्या. "पन हसायचे."