भागूबाईंच्या ओटीवरची गोधडी

जूचंद्र गावात कुणालाही भागूबाई भोईरांचं घर विचारा, माणूस हात करून गल्ली दाखवेल आणि वर सांगेल, "जा, पण खाली बघून पाय टाका हां." नव्या माणसाला वाटतं, वाटेत गटार उघडं असेल. गटारबिटार काही नाही हो. बाईंची ओटीच तशी आहे.

दिपिकाला हे कल्पेशनं आधीच सांगून ठेवलं होतं. कल्पेश हा भागूबाईंचा एकुलता एक मुलगा. दिपिका विरारची, आणि दोघं अंधेरीला एकाच कंपनीत. तीन वर्षांची ओळख, त्यातली दोन वर्षं प्रेमाची, मग सहा महिने घरच्यांची मनधरणी, असं सगळं पार पडल्यावर एकदाचा रविवार ठरला. दिपिकाच्या घरचे जूचंद्रला मुलाचं घर बघायला येणार होते.

"आईला म्हटलं, निदान एक सोफा तरी घेऊ," कल्पेश फोनवर कुरकुरत होता. "तर म्हणते, सोफा ठेवला का जमीन गेली!"

आता बोला! सगळं जग भिंतीला कागद चिकटवतंय, छताला दिवे लावतंय, आणि या बाईंच्या घरात भिंतीवर खिळासुद्धा नाही. पांढरा चुना, एक देव्हारा, कडेला चार प्लास्टिकच्या खुर्च्या, बास. बाईंचं शास्त्र वेगळं. "पाव्हना दारात आला का चपला काढतो," त्या म्हणायच्या. "चपला काढताना मान खाली. मंग त्याची पयली नजर कुठं जाते? भिंतीवर? भिंतीला कशाला नटवायची मंग?" म्हणून नटायची ती जमीन. नागपंचमीला, गौरीला, माहेरवाशीण आली, कुणाचं पोर पास झालं, काहीही असो, ज्याचं निमित्त त्याची रांगोळी. एकदा त्यांनी ओटीवर पितळेचा तांब्या काढला होता. तो उचलायला पोस्टमन वाकला, अशी गावात गोष्ट आहे, आणि पोस्टमन ती अजून नाकारत नाही.

जूचंद्रात रांगोळी काढणारे हात घरोघरी आहेत, पण भागूबाईंची शिकण्याची तऱ्हा कुणाचीच नव्हती. उमेदीची वर्षं मिठागरात गेली. डोक्यावर मिठाची टोपली, पायाला चिरा. पुढं मिठागरं बंद पडली, नवरा गेला, आणि गावच्या मंडळानं दिवाळीतल्या रांगोळी प्रदर्शनाची जागा झाडण्याचं काम बाईंना दिलं. आठ दिवस लोकांनी तोंडात बोटं घालून बघितलेली चित्रं नवव्या दिवशी ह्या झाडायच्या. झाडताना त्यांचा जीव व्हायचा थोडा थोडा. मग त्यांनी ती झाडलेली पूड गोणीत भरून घरी आणायला सुरुवात केली. सगळे रंग एकत्र झालेली ती पूड, तिचा रंग कसला? राखाडी. त्या एका राखाडीवर बाई दहा वर्षं शिकल्या. थोडा चुना मिसळला की उजेड, थोडा कोळसा मिसळला की सावली. शिकवायला कोणी नाही. वयाच्या पन्नाशीत एक बाई दार लावून जमिनीवर पालथी पडायची आणि चिमटीतून राखाडी सोडायची.

बासष्टाव्या वर्षी आता त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. प्रदर्शनात जागा मिळावी म्हणून त्यांनी तीनदा प्रयत्न केला होता, आणि तीनदा एकच उत्तर आलं होतं: हात चांगला आहे, पण रंग येत नाहीत. "यंदाचा शेवटचा," त्यांनी मुलाला सांगितलं. "पुढल्या सालाला चिमूट धरता येल का नाय, देवाला म्हाईत." रांगोळी काही उचलून नेता येत नाही, म्हणून मंडळाची माणसंच घरोघरी फिरून बघतात आणि निवडतात. आणि बघा योग, ती माणसं यायची तोच रविवार, संध्याकाळी पाच वाजता. पाहुणे यायचे तीनला.

"मग पुढे ढकलूया का?" दिपिकानं विचारलं होतं.

"नाही म्हणते. म्हणते, पाव्हनंपन बघतील."

चार दिवस पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी, खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा. विटांवर फळी टाकून, त्या फळीवर पालथं पडून बाईंनी एक गोधडी काढली, आणि या खेपेला राखाडी नाही, रंगांची. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, आईनं शिवलेली असते तशी. एकेक तुकडा म्हणजे त्यांनी अंगावर नेसलेलं एकेक लुगडं, हे कल्पेश रोज रात्री फोनवर सांगायचा. हळदीचं पिवळं. मिठागरातलं, मिठानं पांढुरकं झालेलं हिरवं. नवरा गेला त्या वर्षीचं. एरवी रांगोळीभोवती दोरी बांधलेली असते. त्या दिवशी सकाळी बाईंनी ती सोडून टाकली. "पाव्हन्याच्या तोंडावर दोरी बांधायची? घरात यवा म्हनायचा का नको यवा म्हनायचा?" फोटोही काढू दिला नाही. मंडळाच्या मास्तरांनी बघितल्यावर काढ, आदी नको, असं म्हणाल्या.

रविवारी तीनला दिपिका, तिचे आईबाबा आणि आजोबा गावात पोचले. आजोबांना सगळे आप्पा म्हणत. संगमेश्वराकडचे आप्पा, वय चौऱ्याऐंशी, पांढरंशुभ्र धोतर, आणि मान असा की जरा धक्का लागला की संपलंच. मागं एका लग्नात त्यांच्या हातून ताकाचं भांडं उलटलं. कुणीतरी हसलं. आप्पा ताटावरून उठले ते थेट एसटी स्टँडवर. त्या घरी पुन्हा गेले नाहीत, आणि ते लग्न सख्ख्या भाचीचं होतं! डोळ्यांत मोतीबिंदू, साखरेच्या दुखण्यानं तळपाय बधिर, तरी काठीवर चालणार स्वतःच. कुणी हात धरायचा नाही.

गल्ली अरुंद म्हणून कल्पेश गाडी लावायला देवळाच्या मैदानाकडं गेला. जाताना "मी येईपर्यंत थांबा" एवढं सांगायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. गाढव कुठला.

दिपिका पुढं होती. तिनं दारात चपला काढल्या, मान खाली गेली, आणि ती तिथंच उभी राहिली.

तिला माहीत होतं हो, ही रांगोळी आहे म्हणून. चार दिवस ती दुसरं काही ऐकत नव्हती. तरी तिचे डोळे ऐकेनात. भिंतीलगत गोधडी पसरलेली होती. नुसती पसरलेली नाही, कुणीतरी आत्ताच अंथरून गेल्यासारखी, एक कोपरा दुमडलेला. त्या दुमडीखाली सावली. टाके होते, आणि टाका ओढला की कापडाला बारीक चुणी पडते, ती चुणी होती. पिवळं लुगडं अजून नवं होतं. हिरव्यावर मीठ फुललं होतं. दिपिका खाली बसली, कोपऱ्याजवळ तोंड नेलं, श्वास धरला आणि मग तिला एकेक कण दिसला. तिला एकदम रडू आलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या, सुजलेल्या बोटांनी हे केलं? माणसाच्या हातून असं होतं?

ती उठून मागं सरकली. आईबाबांना म्हणणार होती, बघा, बघा काय आहे ते. तेवढ्यात तिच्या शेजारून काठी टेकत आप्पा आत आले. खुर्च्यांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसलं की पाय लोंबतात, हे त्यांचं जुनं गाऱ्हाणं. भिंतीला टेकायला जागा, समोर गोधडी अंथरलेली, माणूस आणखी काय करणार? दोन पावलं टाकली, भिंतीचा आधार घेतला आणि मांडी घालून बसले. ऐन मध्यावर.

स्वयंपाकघराच्या दारात भागूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बघितलं होतं. सगळं बघितलं होतं. क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला. दिपिकानं "आप्पा" म्हणायला तोंड उघडलं, आणि बाईंनी मान हलवली. जेमतेम दिसेल एवढीच. नको.

मग त्या आल्या, आप्पांच्या हातात तांब्या दिला आणि त्यांच्या शेजारी बसल्या. त्या गोधडीवर! चांगली ऐसपैस मांडी घालून, लुगड्याचा घोळ पसरून.

"बरा क्येलाव बाबा, खालीच बसलाव," त्या म्हणाल्या. "मनापन खुर्चीवर नाय बसवत."

"अहो, खुर्ची म्हणजे शिक्षा!" आप्पा खूश झाले. "आणि अंथरूण मऊ आहे हो तुमचं."

"असनार. जुन्या लुगड्यांचा हाय." मग दिपिकाच्या आईबाबांकडं वळून बाई म्हणाल्या, "ये ना बाय, तुमीपन यवा. लांब कशाला हुभी?" दिपिकाच्या आईला आता जमिनीवर पसरलेले रंग दिसले होते. ती हबकली. पण बाईंनी तिचा हात धरून तिला खाली ओढलंच. घर बघायला आलेली सगळी माणसं चार दिवसांच्या कामावर गोल करून बसली, आणि कुणाचं गाव कुठलं, भात कोणतं पिकायचं, अशा गप्पा सुरू झाल्या. गाडी लावून कल्पेश दारात आला तो खांबासारखा उभा. आईनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं, "भाकऱ्या आन रं."

तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, खाडीची कोळंबी. आप्पांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी दीड खातात. जेवता जेवता कोळंबीची आमटी त्यांच्या हातून सांडली, गोधडीच्या हिरव्या तुकड्यावर. आप्पांचा हात थांबला. दिपिकानं डोळेच मिटले. "सांडू द्या," बाई म्हणाल्या, "आमच्या घरात सांडल्याबिगर जेवन जिरत नाय," आणि स्वतःच्या वाटीतलं बिरडं त्यांनी खुशाल बाजूला लवंडलं. आप्पा हसले. इतके हसले की ठसका लागला.

पाचला दहा कमी असताना मंडळाचे कृष्णा मास्तर दोन माणसं घेऊन दारात आले. चपला काढल्या, मान खाली घातली. भिंतीच्या कडेला गोधडीचा वीतभर पट्टा शाबूत राहिला होता, बाकी रंगांचा चिखल. मास्तरांची नजर त्या पट्ट्यावर गेली, मग चिखलावर, मग त्यात मांडी घालून जेवणाऱ्या म्हाताऱ्यावर. त्यांनी तोंड उघडलं.

"मास्तर," बाई पटकन म्हणाल्या, "यंदा माजा काय नाय. पाव्हनं आलेत. तुमी पुढं व्हा."

मास्तरांनी हात जोडले आणि वाकले, म्हणजे देवळात वाकतात तसे वाकले, आणि गेले.

"कोण होते?" आप्पांनी विचारलं.

"गावातली मानसा. असाच कामाला आल्ती."

उठताना आप्पांच्या धोतराची दशा काय झाली असेल ते सांगायला नकोच. मागून पिवळं, हिरवं, लाल. आप्पांनी वळून बघायच्या आत बाईंनी जमिनीवरचा मूठभर रंग घेऊन त्यांच्या पुढच्या बाजूलाही फासला, मग दिपिकाच्या बाबांच्या पँटला, मग स्वतःच्या गालाला. "आमच्या घरातना पाव्हना कोरा जात नाय बाबा. रंग लावूनच धाडतो आमी."

"होय? झकास पद्धत आहे!" आप्पा म्हणाले. मग गंभीर झाले, काठी टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "घर बघितलं. पोरगी द्यायची या घरात. माझा शब्द."

ते सगळे कल्पेशबरोबर गाडीकडं निघाले. दिपिका मागं राहिली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. भागूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, सुजलेली बोटं मांडीवर ठेवून. आता पाहुणे नव्हते, आता चेहरा सांभाळायची गरज नव्हती, आणि तो चेहरा बघवत नव्हता.

"तू दारात हुभी व्हतीस," बाई म्हणाल्या. "त्यांच्या आदी. बघितलीस?"

"बघितली."

"सगली?"

दिपिका त्यांच्यासमोर बसली. आणि सांगायला लागली. पिवळ्या तुकड्याच्या काठाला लाल धागा होता. हिरव्यावर मीठ खांद्याच्या जागी जास्त होतं, पदराला कमी. नवरा गेला त्या वर्षीचा तुकडा पांढरा नव्हता, कुणालाही पांढरा वाटला असता, पण त्यात निळसर झाक होती. बाईंनी डोळे मिटले होते. मधेच त्या "हां" म्हणत, मधेच मान हलवत. दिपिका एकही तुकडा विसरली नाही.

"आणि दुमडलेल्या कोपऱ्याला," ती म्हणाली, "एक टाका उसवला होता. धागा असा बाहेर आला होता. मी तो ओढायला हात पुढं केला होता, आई."

भागूबाईंनी डोळे उघडले. चार दिवसांत त्यांनी त्या टाक्याबद्दल कुणालाही, कल्पेशलाही, सांगितलं नव्हतं.

"त्या धाग्याचा रंग मना जमत नव्हता," त्या म्हणाल्या. "चार वेला पुसला." आणि मग पदर तोंडाला लावून त्या एकदाच्या रडल्या, आणि रडता रडता हसल्या. "वडला असतास ना तो धागा?"

"ओढला असता."

"मंग जाली माजी निवड," भागूबाई म्हणाल्या.