बसायला दिलेली बादली

आमच्या कंपनीत दर हिवाळ्यात सचोटी सप्ताह असतो. उरलेल्या आठवड्यांत काय करायचं, असं मी एकदा साहेबांना विचारलं होतं. साहेब हसले नाहीत. आमच्या साहेबांना विनोद कळतो, पण तो त्यांच्या वरच्या साहेबानं केलेला असावा लागतो.

कंपनी बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकते. परभणी जिल्ह्यातल्या दुकानांमधून तिचा माल खपवण्यात माझे केस पांढरे झाले. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आम्हाला परभणीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावतात. पुण्याहून एक मॅडम येतात. लाच घेऊ नये, ग्राहकाला फसवू नये, खोटं बोलू नये, असं त्या पडद्यावर चित्रं दाखवून सांगतात. मग पोटं सुटलेले बाप्ये शाळेतल्यासारखा उजवा हात पुढं करून शपथ घेतात. सगळ्यांच्या पुढं साहेब, आणि आवाजही त्यांचाच मोठा. हेच साहेब दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानदाराच्या गाडीतून सहकुटुंब देवदर्शन करून आले होते, आणि ते त्या हॉलमध्ये फक्त मॅडमनाच माहीत नव्हतं. शपथ झाली की जेवण. पनीर चांगलं असतं, ते मी खातो.

जेवणाआधी मोबाइलवर परीक्षा असते. प्रश्न, खाली पर्याय. परीक्षा सुरू व्हायच्या आत साहेब ग्रुपवर उत्तरं टाकतात, शेवटी जोडलेले हात, आणि ‘सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले पाहिजेत, विभागाच्या इज्जतीचा प्रश्न आहे’. सचोटीच्या परीक्षेत कॉपी करणारी ही मंडळी संध्याकाळी घरी जाऊन पोरांना अभ्यास कर म्हणून ओरडतात.

एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. दुकानदारानं चहा दिला तर तुम्ही काय कराल? बरोबर उत्तर असं की नम्रपणे नाकारेन आणि वरिष्ठांना कळवेन. हा प्रश्न काढणारा माणूस आमच्याकडं कधी फिरकलेला नसावा. पाथरीच्या दुकानात चहा नको म्हटलं तर आधी तब्येत विचारतात, मग आमचं काय चुकलं ते विचारतात, आणि पुढच्या वेळी ऑर्डरच देत नाहीत. चहाच्या बाबतीत इतकी सोवळी असणारी ही कंपनी बादलीबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

बादली म्हणजे हिरवी, झाकणबंद, प्लास्टिकची. आत काळे दाणे. त्यांनी जमीन सुधारते असं वर लिहिलेलं आहे. सुधारलेली जमीन मी अजून पाहिली नाही, आणि मी जमिनी पुष्कळ पाहिल्यात. ही बादली कुणी आपणहून मागत नाही. पण आमचं कपाशीचं एक बियाणं मृगाच्या तोंडावर सगळ्यांना हवं असतं, दुकानांपुढं रांगा लागतात. तेव्हा दुकानदार म्हणतो, बियाणं पाहिजे तर बादली घ्यावी लागंल. दुकानदाराला हे कंपनी सांगते. कंपनी म्हणजे साहेब, तेही फोनवर, आणि तेही फक्त ‘यंदा बादलीकडं जरा लक्ष असू द्या’ एवढंच. याला लिंकिंग म्हणतात. शेतकऱ्याच्या गळ्यात मारणं असं म्हटलं तर मीटिंगमध्ये बोलायला बरं वाटत नाही.

माझ्या हाताखाली राणीसावरगावचा एक पोरगा लागला. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. हा मावशीकडं राहून शिकला, शेतकीची पदवी घेतली. कामाला वाघ, उन्हातान्हात मोटारसायकल दामटायचा. पण त्याला एक वाईट खोड होती. सांगितलेलं तो खरं धरायचा. ‘माझं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे’ असं साहेब म्हणाले, तर हा दुसऱ्या दिवशी दार न वाजवता आत गेला. साहेब तेव्हा डबा खात होते.

पोरगा अजून पर्मनंट झाला नव्हता. आणि पर्मनंट नसलेल्या पोराला आमच्याकडं आता कुणी पोरगी देत नाही. त्याची आई फोन करून माझ्यामागं लागली होती, “सर, तुमी मोठे माणसं, तेवढं लेकराचं बघा.” वालूरचे एक शेतकरी माझ्या ओळखीचे. त्यांची मुलगी सेलूच्या कॉलेजात शिकलेली, समजूतदार. मी शब्द टाकला आणि एका सकाळी पोराला घेऊन वालूरला गेलो. घरची माणसं नंतर येणार होती, आधी आम्ही दोघंच.

घरात खुर्ची एकच धड होती, तिच्यावर मला बसवलं. मुलीच्या बापानं कोपऱ्यातून एक बादली ओढली, वर पोत्याची घडी टाकली आणि पोराला म्हणाले, “बसा.” हिरवी बादली. झाकण फोडलेलंही नव्हतं.

“तुमच्याच कंपनीची हाय,” ते म्हणाले. “मागच्या मृगात बियाण्यासंगं गळ्यात मारली. फेकून द्यायला जीव होत न्हाई, रानात टाकायचा धीर होत न्हाई. काय कामाची असती हो ही? खरं सांगा.”

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, जमिनीचा पोत सुधारतो वगैरे. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपोआप येतं. पण पोरगा माझ्याआधी बोलला.

“कायबी कामाची न्हाई, मामा. बसायलाच ठिवा.”

बाप असा हसला की बाहेर बांधलेलं वासरू दचकलं. “मंग तुमच्या कंपनीला सांगा की हे!”

“सांगतो,” पोरगा म्हणाला.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आतल्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. संध्याकाळी बापाचा फोन आला. “पोरीला पोरगं पसंत हाय. म्हणली, ह्ये खरं बोलतंय. आता तेवढे पर्मनंट झाले की सुपारी फोडू.”

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. इतकी वर्षं त्या कंपनीचा माल खपवून एकदाच काहीतरी चांगलं खपवलं, असं वाटलं.

मग सप्ताह आला. परीक्षेत शेवटी एक प्रश्न असतो: कंपनीच्या व्यवहारात काही गैर घडताना तुम्ही पाहिलं आहे का? होय किंवा नाही. होय असल्यास खालच्या चौकटीत तपशील लिहा. आपलं नाव गुप्त ठेवलं जाईल. ग्रुपवर साहेबांनी टाकलेलं उत्तर अर्थातच ‘नाही’. पोरानं ग्रुप उघडलाच नाही. त्यानं प्रश्न वाचला. ‘होय’वर बोट ठेवलं आणि चौकटीत लिहिलं: ‘वालूर आणि पाथरी भागात बियाण्यासोबत बादली जबरदस्तीनं देतात. बादलीचा उपयोग होत नाही. शेतकरी तिच्यावर बसतात.’

नाव इतकं गुप्त राहिलं की जेवणाची ताटं उचलायच्या आत साहेबांनी मला बाजूला घेऊन मोबाइलवर ते नावासकट दाखवलं.

“तुमच्या या पोराला समजवा,” ते म्हणाले. “परीक्षेची लिंक मी परत ओपन करून घेतलीय. ‘नाही’ टाकायचं आणि विषय संपवायचा. त्याच्या कन्फर्मेशनची फाइल माझ्याच टेबलावर आहे. मी दबाव आणत नाहीये हं.” एवढं बोलून ते मॅडमना निरोप द्यायला गेले. मॅडम त्यांना म्हणत होत्या की तुमचा विभाग किती जागरूक आहे.

दुसऱ्या दिवशी पाथरीच्या स्टँडसमोर चहा पिताना मी पोराला साहेबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. आणि माझं मतही सांगितलं, की बदलू नकोस. माझी नोकरी पक्की होती, तेव्हा असं सांगायला मला काहीच लागत नव्हतं.

त्यानं ग्लास खाली ठेवला. “सर, मी वालूरला सांगतो म्हणून आलोय. आन कंपनीनं इचारलं म्हणून सांगितलंय. ह्यात माझं काय चुकलं?”

मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

त्यानं काही बदललं नाही. त्याचं पर्मनंट होणं वर्षभर पुढं गेलं, आणि कारण असं दिलं की उमेदवाराला कंपनीच्या मूल्यांची पुरेशी जाण नाही, सचोटीचं अधिक प्रशिक्षण आवश्यक. हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझं बीपी कधी तपासलं ते विचारलं. पोराला पुण्याला पाठवलं, त्याच मॅडमकडं. परत आला तो एक प्रमाणपत्र आणि पाण्याची स्टीलची बाटली घेऊन. बाटलीवर ‘सचोटी’ कोरलेलं होतं. ती गळत होती.

तिकडं वालूरहून फोन सुरू झाले. “पोरगं लय चांगलं हाय साहेब, त्यात काय वाद न्हाई. पर दुसरी स्थळं यायलीत. पर्मनंटची मुलं हायेत. पोरगी थांबू म्हणायली, पर मी किती दिवस थांबू?” या माणसाचाही मला राग आला. कंपनीला सांगा म्हणणारे हेच. खरं बोलणारा जावई सगळ्यांना हवा असतो, खरं बोलून झाल्यावर त्याचा पगार चालू राहावा एवढीच अट. पण चिडून करतो काय, मीही माझ्या मुलीसाठी पर्मनंटच बघितला होता. पोराला मी फोनबद्दल सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

पुढचा सप्ताह आला. तोच हॉल, त्याच मॅडम, तीच शपथ. पोरगा माझ्या शेजारी बसला होता. मोबाइलवर परीक्षा उघडली आणि त्यानं आधी ग्रुप उघडला. चहा नाकारेन, वरिष्ठांना कळवेन. शेवटचा प्रश्न, नाही. माझ्याआधी त्याचं आटोपलं. ताट घेऊन तो रांगेत जाऊन उभा राहिला. मी मागून जाऊन विचारलं, “काय टाकलंस?”

“टाकायचं तेच टाकलं, सर,” तो म्हणाला आणि मला पुढं जायला जागा दिली.

लवकरच तो पर्मनंट झाला. त्याच्यात खूप ग्रोथ दिसते, असं साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

वालूरला साखरपुडा झाला. घरापुढं मांडव, भाड्याच्या खुर्च्या, जेवणाच्या पंगती. राणीसावरगावची मंडळी जीप करून आली होती. पोराच्या आईनं माझे पाय धरले, मी ओशाळलो. आमचे साहेब प्रमुख पाहुणे. त्यांना गुलाबी फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसवलं, शेजारी दिवाळीत त्यांना गाडी देणारा दुकानदार, त्यालाही फेटा. मुलगी नवी साडी नेसून पाटावर बसली होती. कुंकू लावून झालं, ओटीत नारळ घातला, पेढे वाटायला सुरुवात झाली.

तेवढ्यात मुलीचे चुलते रानातून उशिरा आले. खुर्च्या भरलेल्या. त्यांनी घरातून ती हिरवी बादली ओढत आणली आणि पोराच्या शेजारी मांडून तिच्यावर बसले.

“जावईबापू,” झाकणावर थाप मारत ते म्हणाले, “यंदा माझ्याबी गळ्यात अशीच एक पडली. तुमी त्याच कंपनीतले. सांगा बरं, टाकू का रानात?”

मुलीचा बाप पेढ्यांचं ताट घेऊन चालला होता, तो थांबला आणि हसायला लागला. पहिल्या दिवशीचा किस्सा त्यानं गावभर सांगितला होता. “सांगा, सांगा ह्यांला,” तो कौतुकानं म्हणाला. चार माणसं मान वळवून ऐकायला लागली.

पोरानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांचा पेढा तोंडातच थांबला होता.

“टाका की, तात्या,” पोरगा म्हणाला. “लय चांगली असती. जमिनीचा पोत सुधारतो.”

“मंग ही बी नेतो,” चुलते खूश होऊन म्हणाले. “उगं बसायलेत हिच्यावर.”

साहेबांनी ‘वा’ म्हणून टाळी वाजवली. मागच्या लोकांना वाटलं सुपारी फुटली, त्यांनीही वाजवली. बाप ताट घेऊन तिथंच उभा राहिला, हसू तोंडावर तसंच. मुलीनं इतका वेळ खाली घातलेली मान वर केली आणि पोराकडं पाहिलं. तो बादलीकडं पाहत होता, आणि तिची ओटी भरून झाली होती.