गोपिकाने भिंतीवर ताणलेले धागे

मी शाळेत गणित शिकवायचो. गोपिका रामटेके माझ्या वर्गात कधी पहिली आली नाही. पण गणित चुकले की ती ते पुसत नसे. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधायची, तिथे बारीक टिंब द्यायची आणि मगच पुढे जायची. वडील गिरणीत कामाला, आई इंदोरा वस्तीतल्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची.

बी.एस्सी. झाल्यावर १९७८ साली तिला शहराच्या सदर भागातल्या एका खासगी संगणक कार्यालयात सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी लागली. कार्यालयात संगणक मात्र नव्हता. दुसऱ्या संस्थेच्या यंत्रावर दर मंगळवारी दोन तास मिळत. त्यासाठी प्रोग्राम आणि माहिती छिद्रांनी नोंदलेल्या कार्डांचे गठ्ठे सोमवारी पाचच्या आत तिकडे पोचवावे लागत. चूक निघाली की आठवडा गेला. म्हणून प्रोग्राम आधी नुसता वाचून तपासायचा, आणि ते काम गोपिकाकडे होते.

प्रोग्रामचे परिच्छेद असत आणि मधेच ‘आता अमक्या परिच्छेदाकडे जा’ असा हुकूम येई. बाकीचे बोट ठेवून वाचत. चार उड्यांनंतर बोट हरवे. गोपिकाने छापील कागद भिंतीवर ओळीने चिकटवले आणि घरून आणलेला सुती धागा प्रत्येक हुकमापासून त्याच्या परिच्छेदापर्यंत टाचण्यांनी ताणला. पुढे चार वर्षांनी तिने हेच काम यंत्राकडून करून घेणारा प्रोग्राम लिहिला. तो दुसरे प्रोग्राम न चालवता वाचायचा आणि संशयाच्या जागा छापून द्यायचा. तिने तो पहिल्यांदा त्याच प्रोग्रामवर लावून पाहिला. दोन चुका निघाल्या, त्या तिने मला हसत हसत सांगितल्या. पण मी सांगतो आहे ते धाग्यांच्या वेळचे.

एका शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लावायचे काम तेव्हा या कार्यालयाकडे होते. माझी बदली काटोलला झाली होती. तिथल्या एकेचाळीस मुलांचा एक पेपर गोवरामुळे बुडाला होता आणि आम्ही त्यांची फेरपरीक्षा घेतली होती. ते गुण देऊन मी पोचपावतीसाठी सोमवारी सदरला थांबलो होतो. कार्यालयाचे प्रमुख मनोहरराव भिंतीसमोर उभे होते. प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला.

“काहून वं गोपिका, ऑफिसात माग टाकला का तुनं?”

“माग नाही साहेब, जाळं. तुमचा फेरपरीक्षेचा परिच्छेद याच्या बाहेर राहून गेला. त्याच्याकडं एकही धागा येत नाही. त्या पोरांचा पेपर कोराच धरला जाईन.”

“अवं, वरचा परिच्छेद संपला का यंत्र आपोआप खालच्यात उतरते. एवढंही माहीत नाही तुले?”

“उतरते ना. पण वरच्याच्या शेवटच्या ओळीत ‘छपाईकडे जा’ आहे. मग उतरंन कसं?”

“मागच्या मंगळवारी पन्नास कार्डं लावून चालवून पाह्यलं. बरोबर आलं.”

“त्या पन्नास कार्डांत फेरपरीक्षेचं एक तरी पोरगं होतं का?”

मनोहररावांनी घड्याळाकडे पाहिले. गठ्ठे बांधून तयार होते, चार वाजून गेले होते.

“हे पाह्य,” ते म्हणाले, “आता गठ्ठा सोडला अन् पाच वाजले, तर शुक्रवारचा निकाल गेला. तुझी मुदत या महिन्यात संपते. मग मी काही तुझी बाजू घेणार नाही.”

गोपिकाने गठ्ठ्यावर हात ठेवला. “नका घेऊ साहेब. तुम्ही फक्त त्या ओळीवर बोट ठेवा.”

त्यांनी ठेवले. तिथून तांबडा धागा फेरपरीक्षेचा परिच्छेद ओलांडून थेट छपाईला जात होता. त्यांचे बोट तीनदा त्या वाटेने गेले.

“मीच लिवलं हे,” ते हळूच म्हणाले, आणि कार्डांना छिद्रे पाडायला स्वतः बसले. दोनच कार्डे बदलावी लागली. पाचला सात मिनिटे असताना त्यांनी सायकलवरून गठ्ठे तिकडे पोचवले.

त्या एकेचाळीसांपैकी नऊ जणांना शिष्यवृत्ती मिळाली. ती गेली असती, तरी यंत्रावर कुणी संशय घेतला नसता. आजारी पोरे, नापास झाली, एवढेच आम्ही म्हटले असते.

मनोहरराव परतले तेव्हा घामाने भिजले होते. त्यांनी गोपिकाच्या नेमणुकीचा कागद काढला, ‘तात्पुरती’ हा शब्द खोडला, सही केली आणि तिच्यापुढे सरकवला.

तिने तो उभ्यानेच पहिल्या ओळीपासून वाचला.

“साहेब,” ती म्हणाली, “खाली सहा महिन्यांची मुदतही लिहिली आहे. तिथं खोडायची राहिली.”