फुटाला एक सूत

त्या गल्लीत पॅटर्नवाल्या काकांना समोर सगळे काका म्हणत आणि पाठ वळली की "अर्धा सूत". बावीस वर्षं हेच चाललं होतं. काकांना ते ऐकू येत नसे असं नाही. त्यांचे कान चांगले तिखट होते. रंध्याच्या आवाजावरून ते लाकडातली गाठ ओळखत, मग पाठीमागची कुजबुज त्यांना काय अवघड?

काकांचं काम लाकडाचं, पण त्यांना कोणी सुतार म्हटलं की त्यांच्या भुवया वर जात. यंत्राचा भाग बिडाचा ओतायचा असेल तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. तोच पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा. आता रस थंड होताना आक्रसतो, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. रोज हिशोब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. दिसायला साधी बारा इंचांची, पण मुळात एक सूत लांब. काकांच्या भिंतीवर दोन पट्ट्या शेजारी शेजारी टांगलेल्या असत. एक जगाची आणि एक त्यांची.

गल्लीच्या तोंडाला लाकडाची वखार होती. वखारीतून लाकूड काकांकडे येई, काकांचा पॅटर्न पलीकडच्या भट्टीवर जाई, भट्टीतलं ओतीव काम समोरच्या लेथवाल्याकडे तासायला जाई, तिथून रंगाच्या शेडमध्ये आणि शेवटी लाकडी खोक्यांत बंद होऊन टेम्पोवर. काकांची मुलगी शाळेत असताना तिच्या पुस्तकात उद्योगांच्या प्रकारांचा तक्ता होता. प्रत्येक प्रकार आपापल्या चौकटीत शहाण्यासारखा बसलेला. ती म्हणाली होती, "बाबा, आपल्या गल्लीत तर दोन उद्योगांत एकच भिंत आहे." काकांना ते वाक्य फार आवडलं होतं. पण त्याच आठवड्यात वडिलांचा व्यवसाय सांगताना ती "पॅटर्नमेकर" म्हणाली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "अर्धा सूत!" पोरगी रडत घरी आली. ते काका विसरले नाहीत.

झालं होतं असं. भट्टीवाला शेठ आणि काका एकाच वयाचे, एका कारखान्यात उमेदवारी केलेले. शेठने पुढे स्वतःची भट्टी घातली. त्याला पंपांच्या कवचांचं पहिलं मोठं काम मिळालं, त्याचा पॅटर्न काकांनी केला. कवचं ओतली, आणि प्रत्येक नग फुटाला अर्धा सूत कमी भरला. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. शेठ भर गल्लीत उभा राहून ओरडला, "एक सूत सोडायचा तर याने अर्धाच सोडला! अर्धा सूत खाल्ला याने!" काका म्हणाले, "पॅटर्न आण, पट्टी लावू." शेठने पॅटर्न आणला आणि मोजायच्या आत स्वतःच्या हाताने भट्टीत टाकला. चांगल्या सागाचा होता तो. भुर्रकन पेटला.

खरी गोष्ट दोघांना माहीत होती. शेठने त्या ओतणीत गंजके पत्रे आणि हाताला लागेल ते भंगार घातलं होतं. अशा भेसळीचं बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं आणि वाजवीपेक्षा जास्त आक्रसतं. तिसऱ्या माणसालाही ते माहीत होतं. तो लेथवाला. त्या कवचांवर त्याची तीन हत्यारं तुटली होती. पण त्याच्या लेथवर येणारं निम्मं काम शेठच्या भट्टीतून येई. तो चूप बसला. गल्लीत भिंती सामाईक असल्या की तोंडं अशी बंद होतात.

पंपवाल्यांनी काकांकडे येणं सोडलं. काकांनी खुर्च्यांचे पाय केले, चपलांचे ठोकळे केले, मुलीला शिकवलं. ती त्याच गल्लीत खोक्यांचा धंदा करू लागली. काका शेठशी बोलत नसत, पण भांडतही नसत. लोक म्हणत, काका फार सोशिक. काका सोशिक बिशिक काही नव्हते. ते वाट बघत होते.

आणि एके सकाळी शेठ त्यांच्या दारात उभा राहिला. पोट सुटलेलं, केस काळे केलेले.

"काम आहे," शेठ म्हणाला. "पंपाचं कवच. मोठी कंपनी आहे. माझा पॅटर्नवाला सोडून गेला, आणि गावात तुझ्याइतका हात कुणाचा नाही."

"हात आहे का अजून?" काका म्हणाले. "मला वाटलं, अर्धाच उरलाय."

"जुनं काय उगाळत बसलास! आपण आता म्हातारे झालो."

"तू झालास. मी केस काळे करत नाही."

शेठ ओशाळवाणं हसला. काकांनी नकाशा ठेवून घेतला.

त्या दुपारी काकांनी सागाची फळी बाकावर घेतली आणि भिंतीवरून पट्टी काढली. जगाची पट्टी. तिने आखलं असतं तर प्रत्येक नग फुटाला एक सूत कमी भरला असता, शेठची कंपनी गेली असती, अब्रू गेली असती. पहिली रेघ ओढूनही झाली. मग काका थांबले. या पट्टीने पॅटर्न केला, तर बावीस वर्षांची शिवी खरी ठरणार होती, अर्ध्याच्या जागी अख्ख्या सुताची. त्यांनी ती रेघ रंध्याने उडवली आणि पट्टी बदलली.

चौदा दिवस त्यांनी तो पॅटर्न केला. असा गुळगुळीत की माशीचा पाय घसरावा. आणि कवचाच्या कडेला त्यांनी एक साधी पट्टी जोडली. त्यांच्या मापाने बरोब्बर एक फूट लांब, जाडीला कवचाच्या भिंतीइतकीच.

कंपनीच्या तपासणीवाल्या मॅडम पॅटर्न बघायला आल्या तेव्हा शेठही होता. मॅडम तरुण, चष्म्याच्या, फार न बोलणाऱ्या.

"काका, ही पट्टी कशाला?"

"पॅटर्न आत्ता मोजून घ्या, मॅडम, आणि कागदावर सही करा. मग प्रत्येक नगाबरोबर ही पट्टी ओतली जाईल. थंड झाल्यावर ती साध्या मापाने बरोबर एक फूट भरली तर बीड चांगलं. कमी भरली तर बिडात खोट. नंतर पॅटर्नवर बोट दाखवायला जागा नको."

मॅडमनी मोजलं, सही केली आणि पट्टीची अट करारात घातली. शेठचं सगळं लक्ष मोबाइलवर होतं. त्याने ना काकांचं ऐकलं, ना अट वाचली. "लाव रे बाबा, तुझी पट्टी," तो हसत म्हणाला. "फूटभर बीड जास्त गेलं म्हणून काही मी भिकेला लागत नाही."

ओतणीच्या आदल्या दिवशी काकांच्या खिडकीखालून भट्टीकडे हातगाडी गेली. तिच्यात गंजके पत्रे, जुन्या बादल्या, सायकलींचे मडगार्ड. मुलगी खिडकीशीच उभी होती. बापाकडे बघून ती सगळं समजली.

"बाबा, तो पुन्हा तेच घालतोय."

"हं."

"जाऊन सांगा ना त्याला. पट्टीत पकडला जाईल तो."

"म्हणूनच सांगत नाही."

"आणि माझी खोकी? चाळीस खोकी करून ठेवलीत मी! माल नापास झाला तर काय त्यात कोंबड्या पाळू?"

"पाळ. अंडी मी खाईन."

"तुम्हाला गंमत सुचतेय!"

काकांनी रंधा खाली ठेवला. "पोरी, तू शाळेतून रडत आलीस, त्या दिवशी मी तुला काय म्हणालो, आठवतं?"

"दुर्लक्ष कर म्हणालात."

"ते तुला सांगितलं होतं. स्वतःला नव्हतं सांगितलं."

मुलगी आपल्या खोक्यांकडे परतली. शेठकडे गेली नाही.

ओतणीनंतर पाचव्या दिवशी भट्टीच्या अंगणात चाळीस कवचं ओळीने मांडली. मॅडम आल्या. अर्धी गल्ली काही ना काही निमित्त काढून आली. काका घरून स्टूल घेऊन आले आणि पुढे मांडून बसले. मॅडमनी आपली पोलादी पट्टी काढून पहिल्या कवचाची पट्टी मोजली. पुन्हा मोजली. मग दुसरी, तिसरी.

"सगळ्या कमी आहेत," त्या म्हणाल्या. "अर्धा सूत."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. सवयीने त्याचा हात काकांच्या दिशेने वर गेला आणि मध्येच लटकला. पॅटर्न समोर होता, मोजलेला होता, त्याच्या मापांच्या कागदावर मॅडमची सही होती, आणि या वेळी भट्टी थंड होती.

"बोल," काका म्हणाले. "हात वर केलास, तोंडही उघड."

मॅडमनी लेथवाल्याला पुढे बोलावलं. त्याने कानस आणून कवचावर घासली. कानस नुसती घसरली, ओरखडाही उठला नाही.

"पांढरं बीड," लेथवाला म्हणाला. मग खाली मान घालून पुढचं बोलला, "मागच्या वेळीही असंच होतं. माझी तीन हत्यारं गेली होती."

"मोठ्याने," काका म्हणाले. "मागे रंगवाला उभा आहे, त्याला ऐकू येत नाही."

"मागच्या वेळीही बीडच खोटं होतं!" लेथवाला ओरडला. "पॅटर्न बरोबर होता!"

मॅडमना मागची वेळ ठाऊक नव्हती, पण समोरचं पुरेसं होतं. काम ठेवायचं असेल तर हा सगळा माल त्यांच्यासमोर फोडायचा आणि आठ दिवसांत चांगल्या बिडाचा नवा ओतायचा, असं त्यांनी सांगितलं. खोक्यांवरचं संकट टळलं, तशी मुलगी हळूच मागे सरकून भिंतीला टेकली.

भट्टीवरच्या दोघा माणसांनी घण उचलले. पांढरं बीड काचेसारखं फुटतं. एकेक कवच ठणकन दुभंगायचं आणि आतून चांदीसारखं चकाकायचं. काका स्टुलावर ताठ बसून बघत होते. जेवायला चला म्हणून मुलगी सांगायला आली, तर ते म्हणाले, "आज पोट भरलंय."

एकोणचाळीस झाली तेव्हा काका उठले.

"शेवटचं तू फोड," ते शेठला म्हणाले.

"वेडा आहेस का? माझं वय काय!"

"माझ्याएवढंच. पॅटर्न जाळताना नव्हतास तू माणूस बोलावला."

शेठने मॅडमकडे बघितलं. त्या कागदात डोकं घालून लिहीत होत्या. गल्लीकडे बघितलं. कोणी हललं नाही. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घण घेतला. पहिला घाव जमिनीवर बसला. दुसरा कवचावरून निसटला. कोणी हसलं नाही, आणि तेच शेठला जास्त झोंबलं. सातव्या घावाला कवच फुटलं. शेठ घणाच्या दांड्यावर रेलून धापा टाकत राहिला. काळ्या केसांतून घामाचे काळे ओघळ कानावर आले.

"झालं तुझं समाधान?" त्याने विचारलं.

काकांनी प्रामाणिकपणे मनात शोधून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "कमी पडलं."

लेथवाला हात पुसत जवळ आला. "माझ्यावर राग धरू नकोस रे. माझं पोट होतं त्याच्यावर."

"माझंही होतं," काका म्हणाले. "तुझं नंतर बघतो. आज एकच बास."

लोक पांगले. मॅडमची गाडी गेली. मुलीने बापाचं स्टूल उचलायला हात घातला.

"चला बाबा. ऊन डोक्यावर आलंय."

"थांब जरा," काका पुन्हा स्टुलावर बसत म्हणाले. "त्याची धाप ओसरू दे. बघतो आणि येतो."