दामू वायरमनच्या जावाचा फिल्टर

दामू निचिते वायरमन. मुरबाड तालुक्यातले डोंगराकडचे सात पाडे त्याच्याकडे, आणि ते फिरायला सासऱ्याने दिलेली सदुसष्ट सालची जावा मोटारसायकल. सासरा उघड म्हणायचा, "पोरगी दिली तवा काय वाटला नाय, गाडी देताना रडू आला." दामूची बायको कमळ हे ऐकून दर वेळी भांडी आपटायची.

गाडी नामी, फक्त तिला नाक नव्हतं. सीटखाली हवा गाळायचा पत्र्याचा फिल्टरचा डबा असतो, तो कधीचाच गायब. उघड्या कार्बोरेटरातून गाडी अशी हवा ओढायची, की खिंड चढताना वाघ धापा टाकतोय असं वाटावं. धूळही तेवढीच ओढायची. दोनदा पिस्टन गेला. दामूने एकदा तुपाचा रिकामा डबा बसवून त्यावर कमळच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला, तर गाडीने लुगडंही गिळलं.

पण याच गाडीवर दामूने नाव काढलं. त्याच्या पाड्यांत वीजचोरी शून्य. नऊ वर्षांत एका तारेवर आकडा सापडला नाही. साहेबांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. दामूलाही पटलं की आपला वचकच तसा. मिशी त्याने त्यानंतर वाढवली.

सन दोन हजार दोनच्या म्हसा गावच्या यात्रेत एका भंगारवाल्यापाशी त्याला जावाचा अस्सल फिल्टरचा डबा दिसला. भंगारवाला त्यात खिळे ठेवायचा. दामूने तो खिळ्यांसकट उचलला आणि थेट मुरबाडला रघू मिस्त्रीच्या गॅरेजात आणला.

रघूने डबा पुसला, टिचकी मारून आवाज ऐकला. "मूळ माल! दामू, आज दुसऱ्या गाडीला हात लावनार नाय."

आतली जाळी धुऊन तेलात बुडवून झाली. कार्बोरेटरला जोडायची रबराची नळी वाळून दगड झालेली, ती गरम पाण्यात टाकून मऊ केली. तरी डबा बसेना. वरचा बोल्ट भोकासमोर येईना.

"चेसी वाकलीय. कुठं आपटलास?"

"म्हैस मधी आलेली."

"म्हशीला काय झाला?"

"तिला काय व्हतंय! मलाच आठ दिस झोपवला."

रघूने पहार घालून चेसी केसभर सरकवली, बोल्ट चढला. गाडी चालू केली तर काळा धूर! मग त्याच्या ध्यानात आलं, उघड्या तोंडासाठी जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट त्यानेच घातला होता. तो काढून बारका घातला आणि गाडी अशी चालली, जशी देवळात कोणी पोथी पुटपुटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामू त्या तोऱ्यात हेदपाड्यावर गेला. आणि पहिल्या घरासमोरच त्याने ब्रेक मारला. वरच्या तारेवर आकडा. दुसऱ्या घरावर आकडा. पुढे तर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे ओळीने आकडे. पाचवं घर त्याच्या सख्ख्या मावशीचं, सकुबाईचं. ती विजेच्या शेगडीवर अंघोळीचं पाणी तापवत बसली होती.

"दामू? चालत आलास रे?"

"मावशे, गाडी दारात उभी हाय."

सकुबाईने बाहेर डोकावून पाहिलं. "मग वरडली कशी नाय? आजारी हाय का?"

"आकडा कदीपासून हाय ह्यो?"

"पयल्यापासून. तुझी गाडी खिंडीत वाजली, का समदी काढून ठेवतात. तुझा मान राखतो रे आमी! दुसऱ्या वायरमनचा राखला नसता."

दामू ओट्यावर बसला. चोरीच्या विजेवर झालेला चहा प्यायला. नऊ वर्षांचा वचक कार्बोरेटरातून आला होता, हे काही चटकन घशाखाली उतरेना.

मग उठून म्हणाला, "आठ दिसात मीटरचे अर्ज भरा. आता मी कदी येईन, कोनाला कळनार नाय."

तिसऱ्या दिवशी हेदपाड्याची चार माणसं कोंबडा घेऊन रघूकडे गेली. डबा काढून दे, म्हणाली. रघूने कोंबड्याकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि म्हणाला, "असला काम जिंदगीत एकदाच होतो. तुमी बोकड आना, तरी काढनार नाय."

शेवटी अर्ज आले, तेवीस. दामूने बसून एकेक भरला, अंगठे घेतले. ऑफिसात साहेब चक्रावले, "निचिते, एवढी घरं आजवर अंधारात होती काय?"

"दिवे व्हते साहेब. तेलाचे," दामू म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवायचा राहून गेला.

सकुबाईच्या ओट्यावर मीटर लागलं, तेव्हा ती त्यातल्या फिरत्या चकतीकडे टक लावून बसली. शेगडी लावली की चकती पळायची. तिने शेगडी बंद केली, चुलीत लाकडं सारली. मग बल्ब मालवला. चकती थांबली.

"बघ," ती शेजारणीला म्हणाली, "कसा गप बसवला!"