गोळी, चालणं आणि ‘कुठे चालली?’

परवा फोनवर तू विचारलंस, “आजी, डॉक्टर म्हणतात गोळी घे. मित्र म्हणतो रोज पळायला जा, भीती आपोआप जाईल. तुला काय वाटतं?” मी म्हटलं, लिहून कळवते. तुला वाटलं असेल, आजी टाळते आहे. पण फोनवर माझी वाक्यं अर्ध्यात तुटतात, कागदावर तुटत नाहीत. शिवाय या विषयावर माझ्याकडे एक अख्खी वही आहे, लाल रेघांनी आखलेली. ती तुझ्या ताईनेसुद्धा पाहिलेली नाही, म्हणून हे तुम्हा दोघांसाठी लिहिते.

वर्गासमोर बोलायचं म्हटलं की हात गार पडतात, असं तू म्हणालास. ते हात माझे आहेत, बाळा. आजोबांचं नाक घेतलंस तेवढं पुरे होतं.

मुंबईच्या बोर्डिंग शाळेत सिस्टरांनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. वही नीट ठेवायची आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. एवढं शिक्षण घेऊन मी लग्न होऊन इथे गावात, वटारला आले. तिसऱ्याच दिवशी बावखलाच्या काठाने जात होते. वाडीला पाणी पुरवणारं आपलं ते तळं, आता अर्धं बुजलंय. तिथे आठदहा बायका कपडे धूत होत्या. एकीने विचारलं, “कुठे चालली गो?” मी थांबले, पदर सावरला आणि सांगितलं की मी आधी पोस्टात जाणार आहे, तिथे आईला पत्र टाकणार आहे आणि परत येताना, दुकान उघडं असल्यास, सुई घेणार आहे.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग जे हसू फुटलं, ते मला पोस्टापर्यंत ऐकू येत होतं. “दुकान उघडं असल्यास” हे शब्द गावात पुढे वर्षभर फिरले.

लोकांची भीती मला त्याआधीही होती, पण त्या दिवसानंतर ती घरातच राहायला आली. नोकरी फायलींची घेतली. बढती आली तेव्हा मीटिंगमध्ये बोलावं लागेल म्हणून नाकारली. लग्नाघरी गेले की थेट मागच्या मांडवात जाऊन कांदे चिरायला बसायची. लोक म्हणायचे, इंग्रजी शिकलेली आहे, आपल्याशी बोलायला कमीपणा वाटतो. तसं नाही हे सांगायचं तरी पुन्हा बोलणं आलंच.

गेल्या जूनअखेर ताईचा फोन आला. “आजी, नाताळनंतर गावच्याच चर्चमध्ये लग्न करायचं ठरलंय. मिस्सेतलं बायबलचं पहिलं वाचन तू करायचंस. दुसरं कोणी नको.” मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त वाक्यं लागली असती. फोन ठेवला आणि घाम फुटला. तिच्या शाळेच्या एकूण एक कार्यक्रमाला मी डोकेदुखीचं निमित्त काढून घरी बसले होते. त्या मुलीने माझ्याकडे आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. या वेळी डोकेदुखी चालणार नव्हती.

मी नायगावला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. नायगाव अशासाठी की तिथल्या नव्या टॉवरांमध्ये आपल्याला कोणी ओळखत नाही. बाई तरुण होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “आजी, हा तुमचा स्वभाव नाही, आजार आहे. आणि याला उपाय आहेत.” मला इतकं बरं वाटलं की फी विसरून बाहेर पडले आणि परत जावं लागलं. त्यांनी रोजची एक छोटी गोळी सुचवली, चालायला सांगितलं आणि थोडं थोडं लोकांत जायलाही सांगितलं. मी विचारलं, “यातलं जास्त चांगलं कोणतं?” त्या म्हणाल्या, “तुमच्यासाठी? तिन्ही एकत्र.” पण एकत्र केलं तर वहीत कशाच्या नावावर काय लिहायचं? मी सांगितलं, आधी नुसतं चालते. त्या हसल्या. “ठीक आहे. आठ आठवडे बघू.”

वहीत रकाने पाडले. तारीख, मिनिटं, भीती दहापैकी किती. जुलै–ऑगस्ट मी रोज पाऊण तास चालले. सकाळ–संध्याकाळ रस्त्यावर माणसं असतात म्हणून दुपारी दोनला निघायची, तेही केळीच्या वाड्यांमधल्या मागच्या वाटेने. पाऊस होताच. छत्री जरा खाली धरली की तोंडही दिसत नाही. झोप लागायला लागली, गुडघा मोकळा झाला, आजोबांवर खेकसणं कमी झालं. तेही त्यांनी वहीत लिहायला लावलं. मग एका दुपारी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन वाचून पाहिलं. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तेवढ्यात कोणीतरी मेणबत्त्या बदलायला आलं आणि माझा आवाज गेला तो गेलाच. भीती, दहापैकी नऊ.

वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि जरा विजयी स्वरातच म्हणाले, “चालण्याने होत नाही.”

त्यांनी पानं चाळली. “वाटेत कोण कोण भेटतं?”

“कोणी नाही. तशीच वाट शोधली आहे.”

“मग आजी, तुम्ही व्यायाम नाही करत, पळून जाताय. रोज पाऊण तास, नियमाने.”

सप्टेंबरमध्ये गोळी सुरू केली, चालणंही त्याच वाटेने चालू ठेवलं. पहिले दोन आठवडे मळमळ आणि जांभया, बाकी काही नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं, घाई करू नका, हिला वेळ लागतो. पाचव्या आठवड्यात दारावर मासेवाली आली. राजोडीची, नेहमीची. मी एरवी दाराआडूनच ताट पुढे करते. ती म्हणाली, “बाय, पानी दे गो घोटभर.” मी दिलं, आणि ती पीत असताना तिच्या नातवाची चौकशी करून मोकळी झाले. ती गेल्यावर लक्षात आलं की मी आधी वाक्य जुळवलंच नव्हतं. भीती गेली नव्हती, फक्त गोळीने रेडिओसारखा तिचा आवाज कमी केला होता. त्या दिवशी वहीत तांबड्या शाईने चांदणी काढली.

आता माझा मूर्खपणा. सगळं सुरळीत चाललेलं असताना मला वाटलं, श्रेय गोळीचं की चालण्याचं हे कसं कळणार? म्हणून नोव्हेंबरात कोणाला न सांगता गोळी बंद केली. चौथ्या दिवशी घर गोल फिरायला लागलं आणि डाळ करपली म्हणून मी रडले. माझी थोरली जाऊ, म्हणजे तुमची मोठी आजी, शेजारून वासावर आली. तिला सगळं सांगावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिनेच डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या कानाला लावला.

“आजी, प्रयोगशाळा उघडलीत का? गोळी बंद करायची तर हळूहळू, मला विचारून. आणि आत्ता तर करायचीच नाही.”

मोठी आजी मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसली होती. “म्हणजे तू आमच्याशी बोलत नव्हतीस ती भीतीने? मी पन्नास वर्षं समजत होते तुला आमची भाषा आवडत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ती मला सकाळी आठला बाहेर काढू लागली, तेही हमरस्त्याने, राजोडीच्या समुद्रापर्यंत. पहिल्याच वळणावर कोणीतरी विचारलं, “कुठे चालल्या?” मी तोंड उघडलं, “आम्ही समुद्रावर जाऊन, तिथून साधारण नऊच्या सुमारास...” तिने कोपर मारलं. “जाते जरा,” ती त्या बाईला म्हणाली आणि चालती झाली. पुढे गेल्यावर म्हणते, “अगो, तुला पत्ता कोण विचारतंय? ‘कुठे चालली’ म्हणजे ‘दिसलीस, बरं वाटलं’. त्याला ‘जाते जरा’ म्हणायचं. संपलं.”

मी रस्त्यातच उभी राहून हसत सुटले. आयुष्यभर मी ज्या परीक्षेला घाबरले, तिथे प्रश्नच नव्हता.

रोज पंधरावीस जणांना ‘जाते जरा’ म्हणत मी डिसेंबर काढला. गोळी आणि चालणं दोन्ही सुरू. वहीतले रकाने एकमेकांत मिसळले ते मिसळलेच.

लग्नाच्या दिवशी चर्च भरलेलं. फादरांनी मान हलवली आणि मी उठले. भीतीही माझ्याबरोबर उठली, ती गोळीनेही थांबवली नाही, चालण्यानेही नाही. तिसऱ्या बाकाच्या कडेला मोठी आजी बसली होती, नव्या लुगड्यात, अगदी साळसूद. मी शेजारून जाताना ती मान न वळवता पुटपुटली, “कुठे चालली गो?”

“जाते जरा,” मी म्हटलं.

आणि गेले. पहिलं वाक्य तुटलं. मी थांबले, वाचनाच्या मेजाची कड घट्ट धरली आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग शेवटपर्यंत वाचत गेले. मान वर केली तर ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाचं असेल, पण मी माझ्या नावावर लिहून टाकलं. वहीत त्या दिवशी भीती सहा. शेरा: वाचलं.

तर, तुझा प्रश्न. माझं चालणं एकटं पुरलं नाही, आणि गोळीने मला दारापर्यंत नेलं, रस्त्यावर मोठ्या आजीने काढलं. तुझं गणित तुझ्या डॉक्टरांबरोबर बसून मांड आणि मांडलेलं मनाने खोडू नकोस. पळायलाही जा, पण जिथे माणसं असतील तिथे. छत्री घरी ठेव.

पुढच्या महिन्यात वर्गासमोर बोलायचं आहे म्हणालास. निघताना मला फोन कर. मी एवढंच विचारीन, “कुठे चालला?” पूर्ण वाक्यात उत्तर देऊ नकोस.