सलीमभाईंनी जपलेला हुंदका

सलीमभाई गेल्याची बातमी मला फोनवर आलेल्या एका श्रद्धांजलीतून कळली, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव वाचून दुःखाआधी राग आला. 'आमचा जिवाभावाचा ध्वनिमुद्रक हरपला,' असं यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्यांनी लिहिलं होतं. सलीमभाईंचं सगळ्यात चांगलं काम याच माणसाने चिरडलं होतं. दोन महिने झाले, राग तसाच आहे. तो जावा असं मला वाटतही नाही.

बाभुळगावात माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे सलीमभाई हौसेने गाणी मुद्रित करत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शब्द उतरवून घ्यायला त्यांच्यासोबत राळेगावकडच्या तांड्यांवर जाऊ लागलो. तिथे जमनाबाईंनी ढावलो गायला... बंजारा नवरी सासरी निघताना माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते ते. त्यात ओळ उंच चढते, मोडते, आणि तळाशी एक बारीक हुंदका उरतो. सलीमभाईंनी पंखा बंद करायला लावला, अंगणातल्या कोंबड्या स्वतः हाकलल्या. जमनाबाईंना ते बंजाऱ्यांसारखं 'याडी', म्हणजे आई, म्हणत. "याडी, संपलं तरी हालू नोको," असं आधीच सांगून गाणं संपल्यावरही म्हातारीचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत त्यांनी यंत्र चालू ठेवलं.

ते मुद्रण स्टुडिओवाल्यांनी गाण्यांच्या अ‍ॅपवर टाकायला नेलं आणि दाबून दाबून सपाट केलं. मोठा आवाज खाली, बारीक आवाज वर, आणि मग सगळंच दणदणीत. हुंदका हाकेएवढा झाला. शेवट कापला गेला. सलीमभाईंचं नावही नव्हतं. "अ‍ॅप आता सगळ्यायची गाणी एकाच मापाले आणते," सलीमभाईंनी त्यांना माझ्यासमोर समजावलं. "जो जास्त वरडते त्याले खाली बसवते. कायले एवढं दाबून राह्यले?" स्टुडिओवाले हसले. "भाई, तू माइक दुरुस्त कर. पब्लिकले दणका पायजे!" जमनाबाईंनी ते गाणं फोनवर ऐकलं आणि विचारलं, "सलीम, मी रडून राह्यली का भांडून राह्यली?" त्या दिवसानंतर सलीमभाईंनी एकही गाणं मुद्रित केलं नाही.

त्यांच्या पत्नी शाहीनभाभींनी मला त्यांची हार्ड डिस्क दिली. तिच्यात हाच ढावलो होता, अ‍ॅपच्या मापात बसवलेला, पण कुठेही न दाबलेला. जमनाबाईंची परवानगी घेऊन मी तो अ‍ॅपवर टाकला, त्यांच्या आणि सलीमभाईंच्या नावाने. मग दोन्ही लागोपाठ ऐकले, तर सलीमभाई म्हणाले होते तसंच झालं होतं. अ‍ॅपने स्टुडिओवाल्यांच्या गाण्याचा आवाज खाली ओढला होता आणि ते गादीखाली कोंबलेल्या भांडणासारखं वाजत होतं. त्याच्या शेजारी जमनाबाई मोकळ्या रडत होत्या.

गेल्या आठवड्यात स्टुडिओवाल्यांचा फोन आला. "सर, काय केलं तुम्ही? तुमच्यापुढे आमचं बसल्यासारखं वाटून राह्यलं."

"काहीच केलं नाही. होतं तसं ठेवलं."

"मंग ती मूळ फाइल द्या ना मले. भाईचं नाव टाकतो. मोठ्ठं टाकतो!"

"नाही."

"काहून? गेलेल्या माणसासाठी तरी..."

"त्यांच्यासाठीच नाही म्हणतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला. इतकं उद्धट मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. बरं वाटलं.

सलीमभाईंची खोली भाभींनी आवरलेली नाही. भिंतींवर जुन्या रजया ठोकलेल्या आहेत, टेबलावर स्क्रू तसेच पसरलेले. शुक्रवारी दुपारी मी तिथे जाऊन बसतो. आधी स्टुडिओवाल्यांचं गाणं लावतो, मग काहीच करत नाही. ते संपलं की अ‍ॅप आपसूक सलीमभाईंचं लावतं. गाणं, हुंदका, लांबलेला श्वास... आणि अगदी शेवटी एक दबका पुरुषी आवाज, "बस, याडी." सलीमभाईंचा एवढाच आवाज उरला आहे. भाभी दारात उभ्या राहून तो ऐकतात. स्टुडिओवाल्यांनी नेमका तोच कापला होता. आता त्यांचं गाणं ऐकायला आलेल्यांच्या कानावरही पुढे तोच पडतो.